पुणे पेशवाज : एका अल्पायुषी संघाचा ताळेबंद

मुळशी तालुक्याच्या पूर्व वेशीवर, म्हाळुंगे-बालेवाडी येथे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल दिमाखात उभे आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा येथे झाल्या, २००८ मध्ये राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धाही रंगल्या. पुण्यात मैदाने होती, खेळाडूही होते. बास्केटबॉलपटूंना मानधन देणारा व्यावसायिक संघ मात्र नव्हता.

ही उणीव २०१५ मध्ये भरून निघेल असे वाटले. अमेरिकी पुढाकाराने 'यूबीए प्रो बास्केटबॉल लीग' सुरू झाली. मुंबई, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद, दिल्ली, पंजाब आणि हरियाणा यांच्या जोडीला आठवा संघ आला, 'पुणे पेशवाज'. चार हंगाम झाले आणि २०१७ नंतर लीग थांबली. पेशव्यांचे नाव धारण केलेल्या संघाची कारकीर्दही तेथेच संपली.

तोवर भारतीय बास्केटबॉलपटूची भाकरी खेळावर नव्हे, तर खेळामुळे मिळणाऱ्या नोकरीवर अवलंबून असे. रेल्वे, ओएनजीसी, सेनादले, पोलीस हेच त्याचे आश्रयदाते. व्यावसायिक लीगने प्रथमच खेळालाच व्यवसायाचा दर्जा देऊ केला. लीग मिटताच खेळाडूंना पुन्हा त्याच जुन्या दाराशी परतावे लागले. मुलींपर्यंत तर ही संधी पोहोचलीच नाही, कारण ही लीग पुरुषांची होती. भारतीय महिला संघाचे नेतृत्व केलेली शिरीन लिमये पुण्याचीच; तिच्या शहराच्या संघात तिच्यासाठी जागा नव्हती.

व्यापारी कुटुंबांना यातील मर्म चटकन उमगेल. पेढी केवळ पाटीवर चालत नाही. तिला कायमची जागा, बांधलेले गिऱ्हाईक आणि बाजारातील पत लागते. लीगचा पहिला हंगाम हैदराबादेत भरला. त्या हंगामात पुण्याच्या नावाचा संघ पुणेकरांच्या डोळ्यांआड खेळला. शिवाय भारतीय बास्केटबॉल महासंघाने २०१० मध्येच आपले व्यापारी हक्क आयएमजी-रिलायन्सला ३० वर्षांसाठी दिले होते. यूबीए त्या चौकटीबाहेरची होती. गिऱ्हाईक जोडायला काळ लागतो, आणि तोवर तोटा सोसणारे भांडवल हाती असावे लागते.

तरीही ताळेबंदात जमेची बाजू कोरी नाही. मानधन देणारी लीग भारतात उभी राहू शकते, हे या प्रयोगाने दाखवले. पुढे महासंघाच्या छत्राखाली 'इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीग' आली. तिच्या पहिल्या हंगामाचा अखेरचा टप्पा जानेवारी २०२३ मध्ये बालेवाडीतच झाला आणि चेन्नई हीट विजेता ठरला. सहा संघांत मुंबई होती, पुणे नव्हते.

घरातील एखादा मुलगा वा मुलगी चेंडू घेऊन मैदानाकडे निघते, तेव्हा 'यात पोट भरेल का?' हा वडीलधाऱ्यांचा प्रश्न रास्तच असतो. त्याचे उत्तर एका हंगामाच्या झगमगाटात सापडत नाही. पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी पेढी जशी धीराने उभारली जाते, तसा संघ उभारणारे कोणी पुण्याला लाभेल, तेव्हाच ते मिळेल.