विश्लेषण : अंतर तेच, तरी हेलसिंकी ते टोक्यो विमानप्रवास साडेतीन तासांनी का लांबला?

दोन शहरांतील हवाई अंतर मोबाइलवर शोधले की क्षणात आकडा मिळतो. फिनलंडची राजधानी हेलसिंकी आणि जपानची राजधानी टोक्यो यांच्यात ते सुमारे ७,८०० किलोमीटर आहे. २०२२ च्या सुरुवातीपर्यंत हे अंतर विमान साधारण साडेनऊ तासांत कापत असे. आता जवळपास १३ तास लागतात. शहरे जागच्या जागी आहेत, बदलली ती वाट.

जवळची वाट कोणती?

सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ मध्य आशिया आणि चीनवरून जाते. पृथ्वीगोलावर मात्र या दोन शहरांमध्ये दोरा ताणला, की तो उत्तरेला सरकून सैबेरियावर येतो. मोबाइलवर दिसणारा आकडा या दोऱ्याचा असतो. नेमका त्याचा बहुतांश भाग रशियावरून जातो. युक्रेनवरील आक्रमणानंतर युरोपीय देशांनी रशियन विमानांना बंदी घातली. प्रत्युत्तरादाखल रशियाने २८ फेब्रुवारी २०२२ रोजी ३६ देशांच्या विमान कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली. त्यात फिनलंडही होता.

मग विमाने जातात कुठून?

एक वाट दक्षिणेची: तुर्की, कझाकस्तान, चीन, दक्षिण कोरिया असा वळसा. दुसरी थेट उत्तर ध्रुवावरून, अलास्काला वळसा घालून पॅसिफिककडे. वारे पाहून वाट ठरते. ध्रुवावरची वाट नवी नाही. सोव्हिएत काळातही हे आकाश बहुतेकांना बंदच होते आणि युरोपची अनेक विमाने इंधनासाठी अलास्कातील अँकरेजला थांबत जपानला जात. फिनएअरने १९८३ मध्ये ध्रुवावरून विनाथांबा उड्डाण सुरू केले. तेव्हाही सुमारे १३ तासच लागत! चार दशकांनी घड्याळ पुन्हा तिथेच आले. मार्च २०२२ मध्ये ही वाट पुन्हा धरल्यावर फिनएअरने प्रवाशांना ध्रुव ओलांडल्याचे प्रमाणपत्रही दिले.

साडेतीन तासांनी काय बिघडते?

प्रवाशाला एखादी जादा डुलकी मिळेल, पण कंपनीचे गणितच कोलमडते. साडेनऊ तास जाण्याचे, तितकेच येण्याचे, म्हणजे १९ तास. मधली साफसफाई आणि इंधन भरणे धरूनही एकच विमान २४ तासांत फेरी पूर्ण करून दुसऱ्या दिवशी त्याच वेळी सज्ज. ‘आशियाचा जवळचा दरवाजा’ म्हणून हेलसिंकीचा जम बसला तो याच हिशेबावर. आता नुसते उडण्यातच २६ तास जातात. शिवाय जादा इंधन लागते, ते इंधन वाहून नेण्यासाठी आणखी इंधन जळते आणि वैमानिकही जास्त लागतात.

असा वळसा भारतालाही ठाऊक आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने हवाई हद्द बंद केल्यावर दिल्लीहून युरोप-अमेरिकेला निघालेल्या भारतीय विमानांना अरबी समुद्राकडून फिरून जावे लागले.

रशियाची बंदी मात्र सर्वांना नाही. चिनी कंपन्यांची विमाने आजही सैबेरियावरून युरोपला जातात. त्यामुळे युरोप आणि चीनमधील त्याच दोन शहरांसाठी युरोपीय कंपनीच्या तिकिटावर जास्त तास दिसतात, चिनी कंपनीच्या तिकिटावर कमी.