पेन्सिलीची नोंद

तलाठ्याच्या दप्तरातली सगळ्यात वजनदार वस्तू कोणती, असं विचारलं तर बहुतेक जण शिक्का म्हणतील. माझ्या मते ती पेन्सिल होती.

जमीन विकत घेतली, वाटणी झाली किंवा घरातला खातेदार वारला, की तलाठ्याकडे वर्दी द्यायची. तो गाव नमुना 6 मध्ये, म्हणजे फेरफाराच्या रजिस्टरात नोंद धरणार, चावडीवर तिची प्रत लावणार, हितसंबंध असलेल्यांना नोटिसा काढणार. हरकतीसाठी 15 दिवस. हरकत आली नाही, तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करणार. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 150 मध्ये हा क्रम दिलेला आहे. तोवर सातबाऱ्यावर नवं नाव पेन्सिलीनं लिहिलेलं असायचं; प्रमाणित झालं की शाईनं. पेन्सिल आणि शाई यांच्यामधल्या मोकळ्या जागेत शेतकऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी चहापाणी ठेवलं.

वडील गेल्यावर आमची वारसनोंद 11 महिने पेन्सिलीतच होती. सज्जावर गेलो की ‘साहेब मिटिंगला गेलेत’ किंवा ‘दप्तर तहसीलला आहे’ एवढंच ऐकू यायचं. पैसे कुणी मागितले नाहीत, हे खरंच सांगतो. शेवटी मामांनी विचारलं, “वजन ठेवलंस का काही?” मी नाही म्हटल्यावर ते माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत राहिले, ती अजून आठवते.

तेव्हा एक उमगलं. लाच दोन तऱ्हांची असते. एक उताऱ्याची नक्कल हातात पडावी म्हणून, आणि दुसरी नोंद पुढं सरकावी म्हणून. पहिलीचा बंदोबस्त संगणकानं बराचसा केला. दुसरी मात्र चिवट निघाली, कारण तिथं विकला जातो तो कागद नसतो, विकला जातो तो वेळ. ज्याच्या हाती काम अडवणं आहे, त्याच्या हाती दुकान आहे.

हे ओळखून पहिला मोठा घाव घातला तो आपल्या शेजाऱ्यांनी. कर्नाटकात राजीव चावला या सनदी अधिकाऱ्याच्या पुढाकारानं ‘भूमी’ प्रकल्प उभा राहिला आणि 2001 पासून तालुक्याच्या ठिकाणी संगणकीय उतारे मिळू लागले. सुमारे 67 लाख शेतकऱ्यांचे 2 कोटी उतारे संगणकात गेले. त्याआधी ते गावोगावच्या सुमारे 9000 ग्रामलेखापालांच्या ताब्यात होते आणि कुणाला कधी दाखवायचे ही त्यांची मर्जी होती. आता तालुक्याच्या खिडकीवर 15 रुपये टाकले की उतारा मिळे. खिडकीत दुसरा पडदा शेतकऱ्याच्या तोंडासमोर ठेवलेला असे. आत कारकून काय टंकतोय ते बाहेरच्याला दिसावं म्हणून. या साध्या पडद्याचं मला अजून कौतुक वाटतं. बंगळूरच्या पब्लिक अफेअर्स सेंटरनं पाहणी केली, तेव्हा जुन्या पद्धतीत लाच द्यावी लागल्याचं 100 पैकी 66 जणांनी सांगितलं होतं. भूमीच्या खिडकीवर हा आकडा 3 वर आला.

पण भूमीची खरी करामत उताऱ्यात नव्हती, ती फेरफाराच्या रांगेत होती. अर्ज ज्या क्रमानं आले त्याच क्रमानं निकाली काढायचे. मधलाच उचलून पुढं घ्यायला यंत्रणा मुभा देत नसे. अर्ज फेटाळला तर कारण नोंदवायचं. कारकून आत शिरायचा तो बोटाचा ठसा देऊन, म्हणजे कुठल्या नोंदीला कुणाचा हात लागला हे कायमचं राहणार. पेन्सिलीच्या जागेवर तारीख आणि वेळ आली. (बेळगाव-निपाणीकडचे मराठी शेतकरी हा उतारा हातात घेऊन वाचणारा शोधायचे, कारण तो कानडीत. पारदर्शकतेलाही भाषा असते.)

एवढ्यावर थांबलो तर लेख सोपा होईल, पण 2007 मध्ये सॉलोमन बेंजामिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूमीवर कडक टीका केली. त्यांचं म्हणणं असं की गावातला हिशेब तालुक्याला गेला, लाचेचे दर उलट चढले, आणि बंगळूरभोवतीच्या जमिनींवर डोळा असलेल्या बड्या खरेदीदारांना कुठं काय मोकळं आहे हे घरबसल्या कळू लागलं. गावात तलाठी चुकला तर त्याला पारावर चार माणसं बोल लावू शकत. तालुक्याच्या कार्यालयात तुम्ही नुसता एक टोकन नंबर असता. ही टीका सगळी पटो न पटो, लाचेला जागा बदलता येते हे तिनं दाखवून दिलं.

महाराष्ट्रात काम पुण्याच्या जमाबंदी आयुक्तांच्या कार्यालयाकडं होतं आणि ढीग मोठा होता, अडीच कोटींच्या आसपास सातबारे. हाताने लिहिलेल्या उताऱ्यांतल्या चुका संगणकात जशाच्या तशा उतरल्या, वर टंकणाऱ्यांच्या नव्या चुका पडल्या. कुणाचं क्षेत्र गेलं, कुणाचं आडनाव, कुणाचा इतर हक्कातला बोजा. म्हणून 2017 मध्ये गावोगाव चावडी वाचन झालं. उतारे गावासमोर मोठ्यानं वाचायचे आणि चूक दाखवायची. एवढ्या मोठ्या संगणकीय कामाला शेवटी माणसांचे कान लागले.

1 मे 2018 ला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आला. 15 रुपयांत, घरबसल्या, तलाठ्याच्या सहीविना चालणारा. नकलेची लाच तिथं जवळजवळ संपली. ई-फेरफारमध्ये दुय्यम निबंधकाकडं खरेदीखत नोंदलं की त्याची माहिती आपोआप तलाठ्याकडं जाते आणि फेरफार क्रमांक पडतो. ‘वर्दीच आली नाही’ हे उत्तर बाद झालं. 2020 मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला, तेव्हा खाली प्रलंबित फेरफारांची जागा दिली. पेन्सिलीची नोंद आता उघड्यावर आली. ती किती दिवस लोंबकळते आहे हे बँकेलाही दिसतं आणि भाऊबंदांनाही.

म्हणून सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. संगणकातली चूक दुरुस्त करायला कलम 155 आहे, तहसीलदाराच्या आदेशानं लेखनप्रमाद सुधारता येतात. या खिडकीतून हक्कच बदलून घेतल्याच्या तक्रारी आणि चौकशा झाल्या. नोटिसा अजून कोतवालाच्या पायांवर फिरतात, आणि नोटीस न पोचवण्यासाठीही गिऱ्हाईक असतंच. शिवाय ‘झिरो तलाठी’ हा आपल्याकडचा खास प्राणी आहे. तो सरकारी नोकर नसतो, सज्जावर बसून लेखनाला हातभार लावतो, आणि कारवाईच्या बातमीत त्याचा उल्लेख ‘खासगी इसम’ असा येतो. डिजिटल स्वाक्षरीचं डोंगल साहेबांच्या नावाचं असलं, तरी ते कुणाच्या टेबलावर पडलेलं असतं, हा प्रश्न संगणक विचारत नाही. आता तलाठ्याचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय. झिरोला नवं नाव अजून मिळालेलं नाही.

मोजणीत एक वेगळी वाट निघाली, ती मला महत्त्वाची वाटते. साखळी आणि प्लेन टेबल जाऊन उपग्रहाच्या मदतीनं चालणारे रोव्हर आले, हे खरं. पण रांग तोडायची घाई असेल तर सरकारातच जादा शुल्क भरता येतं. पूर्वी साधी, तातडी, अतितातडी असे दर होते. 2024 च्या अखेरीपासून नियमित आणि द्रुतगती असे दोनच. टेबलाखालचा दर टेबलावर आणला, पावतीसकट. गरिबाला ते न्याय्य नाही, हेही खरं.

15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी राज्यभर आली. गाव नमुना 12 मधलं पीक आधी तलाठी लिहायचा, बऱ्याचदा बांधावर न जाता. आता शेतकऱ्यानं शेतात उभं राहून मोबाइलवर फोटो काढायचा. कल्पना उत्तम. पण ज्यांच्याकडं साधा फोन, ज्यांच्या शिवाराला रेंज नाही, त्यांचं पीक कागदावर उगवलंच नाही. 2023 मध्ये कांद्याला क्विंटलमागं 350 रुपये अनुदान जाहीर झालं, तेव्हा सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीची नोंद हवी म्हणताच कांदा विकून बसलेले शेतकरी अडकले. शेवटी गावपातळीवरच्या समितीच्या खात्रीवर भागवावं लागलं, आणि त्या समितीत तलाठी होताच. यंत्रानं ज्याला बाजूला सारलं, त्यालाच हात धरून परत आणावं लागलं.

उलट दिशेचं उदाहरण पीक विम्याचं. 2023 च्या खरिपापासून राज्यात एक रुपयात विमा मिळू लागला आणि अर्जांचा पूर आला. दुसऱ्याच्या, देवस्थानच्या, गायरानाच्या जमिनींवर भलत्यांनीच विमे उतरवले. सेवा केंद्रांवरून अर्ज भरले गेले. 2025 मध्ये ही योजना बंद झाली. पूर्वीच्या कारकुनाला एकेक खोटी नोंद हातानं लिहावी लागे. आता एका रात्रीत शेकडो अर्ज भरता येतात. पण याच संगणकात जमिनीची मालकी आणि विमेदाराचं नाव शेजारी ठेवल्यावर चोरीही उघडी पडली. विमा उतरवतानाच ही दोन नावं का जुळवली नाहीत, याचं उत्तर मला तांत्रिक वाटत नाही.

लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचं तंत्र याहून जुनं आहे. तक्रारदारानं 1064 वर फोन केला, की आधी आवाजाची नोंद करून मागणीची पडताळणी होते. मग नोटांना अँथ्रासीनची भुकटी लावतात. साध्या उजेडात ती दिसत नाही. अतिनील दिव्याखाली लाचखोराची बोटं, खिसा, ड्रॉवर, सगळं चकाकतं, आणि पंचांसमोर त्याचा पंचनामा होतो. विभागाच्या दरवर्षीच्या आकडेवारीत महसूल आणि पोलिस ही दोन खाती वरच्या जागांसाठी एकमेकांशी झटत असतात.

अलीकडे या दिव्याचं काम थोडं कमी झालंय. काही लाचखोरांनी मोबाइलवरून, कधी कार्यालयाबाहेरच्या टपरीवाल्याच्या खात्यावर, रक्कम घेतली. नोटेला हात लागला नाही म्हणून ते निर्धास्त. पण तिथं भुकटी लागत नाही आणि दिवाही नाही. व्यवहार क्रमांक, तारीख, वेळ, घेणाऱ्याचं नाव, सगळं बँकेच्या उताऱ्यावर शाईनं उमटलेलं असतं.