पंप वारो खाता

देवबागच्या टोकाला कर्ली नदी समुद्राला मिळते. ओहोटीला तिथे पाणी गुडघ्याएवढं उरतं आणि वाळूचे दांडे उघडे पडतात. मार्चमधल्या एका दुपारी तिथे एक जेटस्की अडून बसली होती. चालवणारा पोरगा अंगठ्याने थ्रॉटल दाबत होता, इंजिन किंचाळत होतं, पण गाडी गोगलगाईसारखी सरकत होती. इंजिन गेलं, असं पोराने जाहीरही करून टाकलं होतं. गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या मेकॅनिकने आधी इंजिन बंद करायला लावलं, मनगटाच्या दोरीची चावी काढून स्वतःच्या खिशात टाकली आणि एकच प्रश्न विचारला: फेऱ्यांचा काटा कितीवर गेला होता? पोराने आकडा सांगताच तो म्हणाला, "इंजिनाक कायेक झाला नाय. पंप वारो खाता."

हे निदान कळायला जेटस्कीची माहिती लागत नाही, विहिरीवरची मोटार पाहिलेली असली की पुरे. फूटव्हॉल्व्ह गळका असेल किंवा पाइपाच्या सांध्यात भेग असेल, तर मोटार जोरात फिरते, आवाज हलका होतो आणि पाणी येत नाही. शेतकरी मोटार उघडत नाही, आधी सांधे तपासतो. जेटस्कीच्या पोटाखाली असतो तो असाच एक पाण्याचा पंप, फक्त त्याने उचललेलं पाणी पाटात न जाता मागे फेकलं जातं आणि त्या धक्क्याने गाडी पुढे जाते.

म्हणूनच की काय, हे यंत्र माणसाळवलं तेही एका शेतकऱ्यानेच. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर आयरिशमन क्रीक इथे बिल हॅमिल्टन यांचं मेंढ्यांचं कुरण होतं. आसपासच्या नद्या उथळ, गोट्यांनी भरलेल्या, शंभर फाट्यांत फुटलेल्या. साध्या पंख्याची बोट तिथे पहिल्याच गोट्यावर पंखा गमावते. १९५०च्या दशकात त्यांनी पाणी ओढून फेकणाऱ्या पंपावर बोट चालवायला घेतली. सुरुवातीला ते पाणी बोटीखाली, पाण्याच्या आतच सोडत होते. पुढे त्यांनी तोटी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर आणली आणि बोटीला खरा वेग आला. १९६० साली त्यांच्या जेटबोटी कोलोरॅडो नदीच्या ग्रँड कॅन्यनमधून प्रवाहाविरुद्ध वर चढल्या. १९७७ साली एडमंड हिलरी याच जातीच्या बोटी घेऊन गंगासागराहून निघाले आणि गंगेच्या उगमाच्या दिशेने थेट नंदप्रयागजवळच्या धबधब्यापर्यंत पोहोचले. आपल्याकडे जेटबोट म्हटलं की पर्यटनाचा खेळ आठवतो. मला त्याआधी बनारसच्या घाटांसमोरून प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या त्या बोटी आठवतात.

एका माणसाला चालवता येईल असं छोटं वाहन याच तत्त्वावर करायची कल्पना अमेरिकेतल्या क्लेटन जेकबसन या मोटरसायकलस्वाराची. कावासाकीने १९७३ साली ते 'जेट स्की' नावाने बाजारात आणलं. नाव त्या कंपनीचं, पण आता किनाऱ्यावर सगळ्याच कंपन्यांच्या गाड्या त्याच नावाने ओळखल्या जातात.

गाडीच्या पोटाला एक जाळी असते. तिच्यातून पाणी बोगद्यात शिरतं. बोगद्यातून इंजिनाचा शाफ्ट मागे गेलेला असतो आणि त्याच्या टोकाला असतो इंपेलर, म्हणजे पिळदार पात्यांचा पंखा. हा पंखा एका गोल कड्यात फिरतो, त्याला वेअर रिंग म्हणतात. पंख्यातून निघालेलं पाणी गिरक्या घेत असतं. पुढची स्थिर पाती त्या गिरक्या मोडून त्याला सरळ करतात आणि निमुळत्या तोटीतून ते जोरात बाहेर पडतं. हँडल वळवलं की तोटीचं तोंड वळतं. या गाडीला सुकाणू नसतं. थ्रॉटल सोडला की पाणी थांबतं, आणि पाणी थांबलं की बहुतेक गाड्यांचं वळणंही संपतं. समोर काही आलं की नवख्याचा हात घाबरून थ्रॉटल सोडतो आणि हँडल फिरवतो. गाडी मात्र सरळच जाते. भाड्याने गाडी देणाऱ्या प्रत्येकाने बसणाऱ्याला हे आधी सांगितलंच पाहिजे, आणि नुसतं सांगून न थांबता ते करून दाखवलं पाहिजे.

आता त्या दुपारच्या प्रश्नाकडे. काटा का विचारला? काटा वर आणि वेग कमी, तर इंजिन आपलं काम करतंय, पंपात पाणी धरलं जात नाही. काटाच वर चढत नसेल आणि वेगही नसेल, तर आधी इंजिनाकडे बघायचं. एवढा एक भेद न करता कित्येक गाड्यांचे प्लग, इंजेक्टर विनाकारण बदलले जातात.

पंपाला हवं असतं ते एकसंध पाणी. पात्याच्या टोकामध्ये आणि कड्यामध्ये अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी फट असते. वाळू त्या फटीला घासत राहते. फट वाढली की पुढे ढकललेलं पाणी टोकावरून मागे निसटतं. थांबलेली गाडी उचलताना हे लगेच जाणवतं: इंजिन घसरल्यासारखं फिरतं, मग जरा वेग आल्यावर पंप पाणी धरतो. काही कंपन्या हे कडं मुद्दाम प्लॅस्टिकचं देतात, म्हणजे झिजायचं असेल तर ते झिजावं, पंखा वाचावा. फीलर गेज चारही बाजूंनी घालून फट मोजायची. एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी आली, तर शाफ्टच्या बेअरिंगवर संशय घ्यायचा.

दुसरा दोष पात्यांच्या पुढच्या धारेत असतो. खडा आत गेला की धार मुडपते. अशा धारेमागे दाब इतका घटतो की पाणी न तापताच उकळतं. तीस अंशांच्या पाण्याला त्यासाठी हवेच्या दाबाच्या चार टक्क्यांपर्यंत उतरावं लागतं. ते बुडबुडे पुढे जाऊन फुटतात आणि धातूचे कण उपटून नेतात. असा इंपेलर हातात घेतला तर पात्यांवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे लागतात.

तिसरं कारण म्हणजे खरोखरचा वारा. शाफ्ट गाडीच्या पोटात शिरतो तिथे काही गाड्यांमध्ये कार्बनचं सील असतं. ते झिजलं की तिथून पंप हवा ओढतो आणि गाडी उभी असताना तिथूनच पाणी आत येतं. सीट उघडल्यावर सीलभोवती काळी भुकटी उडालेली दिसली तर शोधाची दिशा ठरली. बोगदा आणि पंप यांच्या सांध्यातलं सीलंट सुटलं तरी लक्षणं हीच.

ओढ अजिबातच नसेल, इंजिन मोकळं फिरत असेल, तर शाफ्टच्या खाचा झिजून गुळगुळीत झाल्या असतात. गाडी थरथरत असेल, तर वाकलेलं पातं किंवा अडकलेला कचरा. कोकणात कचरा म्हणजे बहुधा नायलॉन. तुटलेल्या जाळ्याचा तुकडा, नांगराचा दोर, पिशवी. दोर शाफ्टला गुंडाळला की घर्षणाने वितळतो आणि लाखेसारखा घट्ट बसतो. अनेक गाड्यांत इंजिन थंड ठेवणारं पाणीही याच पंपातून येतं, त्यामुळे पंप तुंबला की थोड्या वेळात इंजिनही तापतं. म्हणून कचरा लागला असं वाटताच थांबायचं, रेटायचं नाही.

त्या दिवशी मेकॅनिकने गाडी पुळणीवर घेतली, गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या कुशीवरच कलती केली आणि जाळीतून टॉर्च मारला. आत निळ्या दोराचा गुंता होता. एकाने शाफ्ट हाताने उलटा फिरवायचा, दुसऱ्याने दोर हळूहळू ओढायचा. अर्धा दोर आला, उरलेला वितळलेला होता. मग पंपच उतरवावा लागला. बोल्ट काढून पंप मागे ओढला, शेपटाचा शंकू उघडला. आतलं तेल दुधाळ निघालं, म्हणजे सीलही गेलं होतं आणि बेअरिंग खारं पाणी पीत होतं. पोराने आदल्या आठवड्यापासून येणारा घरघर आवाज सांगितला नव्हता. मेकॅनिक चिडला तो फक्त यावर.

इंपेलर सोडवायला खाचांत बसणारं खास हत्यार लागतं. आट्यांची दिशा गाडीप्रमाणे बदलते, म्हणून जोर लावायच्या आधी पुस्तक बघायचं. हातोडी घेणाऱ्याला त्याने जवळ येऊ दिलं नाही. नवीन बेअरिंग, सील आणि कडं मागवलं. सामान आल्यावर पंप बसवताना खाचांना ग्रीस लावलं, सांध्याला सीलंट भरून ते पूर्ण वाळू दिलं.

गाडी पुन्हा पाण्यात गेली तेव्हा भरती लागली होती. संध्याकाळी परत आल्यावर पोराने गोड्या पाण्याची नळी जोडली. त्या गाडीत आधी इंजिन सुरू करायचं आणि मगच नळ सोडायचा. बंद करताना आधी नळ, मग इंजिन. नाहीतर पाणी सायलेन्सरच्या वाटेने इंजिनात शिरतं. पोराचा हात आधी नळाकडे गेला. मेकॅनिकने काही न बोलता तो धरून चावीकडे नेला.