वाढती हाडे आणि पालकांची घाई
निंबर्ग्यासारख्या गावात मूल आज खो-खो खेळते, उद्या कुस्ती. ही धरसोड मोडून त्याला लवकर एकाच खेळाला जुंपू नये. वाढत्या हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचे नाजूक वाढपट्टे असतात; तोच ताण रोज पडला की ते दुखावतात. म्हणूनच अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली सुचवले, की एकाच खेळाचा ध्यास पंधरा-सोळा वर्षांपर्यंत लांबणीवर टाकावा आणि आठवड्यात एक-दोन दिवस विश्रांती द्यावी. सचिन तेंडुलकर १९८९ मध्ये सोळाव्या वर्षीच कसोटी खेळला, असे कोणी म्हणेल. खरेच आहे, पण दुखापतीने, कंटाळ्याने मैदान सोडलेली मुले आपल्याला दिसतच नाहीत. जिम्नॅस्टिक्सला सुरुवात लवकर लागते, हेही मान्य. तिथेसुद्धा ओढ मुलाचीच हवी, आणि ‘आज नको’ म्हणण्याची मुभाही.