कुत्र्याला घेऊन ठाकुरवाडीला जाताना

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत ठाकुरवाड्या अनेक आहेत. डोंगराच्या पायथ्याशी, माळावर, ओढ्याकाठी जिथे ठाकूर समाजाची घरं, तिथे हे नाव भेटतं. मुंबई-पुण्याच्या बहुतेकांनी मात्र ते वाचलेलं असतं गाडीच्या खिडकीतून. कर्जतहून पळसदरी सोडून बोरघाट चढू लागलं की जांबरूंगनंतर ठाकुरवाडीची पाटी येते. गाडी कधी तिथे थांबतेही. त्यावरून ‘इथेच उतरू आणि कुत्र्याला घेऊन डोंगरात फिरू’ असा बेत काहीजण आखतात.

ते प्रवाशांचं स्थानक नाही. १८६३ मध्ये सुरू झालेल्या या घाटात काही ठिकाणी चढ ३७ फुटांना १ फूट आहे. घाट उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक काबूत आहेत याची खात्री करण्यासाठी तिला असे तांत्रिक थांबे देतात. तिथे उतरणं आणि रुळांवरून चालणं हा गुन्हा आहे. शिवाय साखळी धरलेला कुत्रा गाडीच्या आवाजाने बिथरून कुठे ओढेल, ते मालकाच्या हातात राहत नाही.

रेल्वेबद्दलचा दुसरा समज असा की कुत्र्याचं तिकीट काढलं म्हणजे तो आपल्या शेजारी बसू शकतो. खुर्ची-यान, शयनयान किंवा वातानुकूलित दोन आणि तीन टियरमध्ये कुत्रा नेता येत नाही. तो आपल्याजवळ हवा असेल, तर पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे किंवा केबिन आपल्याकडे लागते. नाहीतर पार्सल कार्यालयात नोंदणी करून त्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीत ठेवावं लागतं. दोन्ही वेळा लसीकरणाची नोंद आणि पशुवैद्यकाचा दाखला जवळ हवा. डेक्कन क्वीनसारख्या बसण्याच्या गाडीत कूपेच नसतो. घाटाएवढ्या लहान प्रवासासाठी घाबरट कुत्र्याला त्या पेटीत कोंडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून बहुतेकजण मोटारीने येतात. ‘काच थोडी खाली ठेवली की गाडीत बसेल तो’ हे वाक्य कुत्र्याच्या जिवावर बेततं. बाहेर अवघे २४ अंश सेल्सिअस असताना बंद गाडी १० मिनिटांत ३४ अंशांच्या आसपास पोहोचते आणि अर्ध्या तासात ४३ च्या. काच बोटभर उघडल्याने फारसा फरक पडत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापेवरच अंग थंड करतो. पग, शिह-त्झू यांच्यासारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तेही नीट जमत नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असतं. ४१ च्या वर गेलं की आतले अवयव निकामी होऊ लागतात. असा कुत्रा दिसला तर आधी सावलीत घेऊन अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला आणि मग दवाखाना गाठा. एप्रिल-मेमध्ये कातळावर चालवण्याआधी हाताची मागची बाजू ७ सेकंद दगडाला लावून पाहा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही.

वाडीत पोहोचल्यावरचा गैरसमज मला सगळ्यांत जास्त सलतो. ‘एवढी मोकळी जागा आहे, सोड त्याला!’ शहरातून आलेल्या माणसाला जी मोकळी जागा दिसते, तिथे कुणाची तरी वरी-नाचणी असते, कुणाच्या कोंबड्या चरत असतात. शेळी हा इथल्या घराचा अडीअडचणीचा पैसा असतो. पाळीव कुत्रा खेळ म्हणून शेळ्यांच्या मागे धावला तरी गाभण शेळी पडते, तिला इजा होते. वाडीच्या कुत्र्यांचाही इथे हक्क आहे. रात्री बिबट्याची, रानडुकराची चाहूल लागताच तीच भुंकतात. परका कुत्रा त्यांच्या हद्दीत आला की ती एकवटतात. ती भांडखोर नसतात, आपलं काम करत असतात. साखळी आखूड धरा आणि कुठल्या वाटेने जाऊ हे वाडीतल्या माणसाला विचारा.

आपल्या कुत्र्याला सगळ्या लशी दिल्या आहेत, म्हणून त्याच्यापासून धोका नाही, हेही पूर्ण खरं नाही. पार्व्होचा विषाणू विष्ठेतून पसरतो आणि मातीत महिनोन्‌महिने टिकतो. नुकता आजारातून उठलेला कुत्रा तो बाहेर टाकत असतो. वाडीतल्या बिनलशीच्या पिल्लांना त्याची झळ बसते. विष्ठा उचलून परत न्या.

रेबीजचं तर आणखी नाजूक आहे. तुमच्या कुत्र्याचा दात वाडीतल्या मुलाला लागला, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि मुलाला लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. ‘आमच्या कुत्र्याला इंजेक्शन दिलंय’ म्हणून घरच्यांना थांबवू नका, तो निर्णय डॉक्टरांचा. चावलेला कुत्रा पुढचे १० दिवस ठणठणीत राहतो का, यावर उपचार ठरवताना नजर ठेवतात. रविवारी संध्याकाळी तुम्ही तो कुत्रा घेऊन मुंबईला निघून गेलात, तर त्या आईबापांनी ते कसं पाहायचं? तुमचा फोन नंबर त्यांच्याकडे ठेवा आणि १० दिवस रोज स्वतः कळवा. उलट तुमच्या कुत्र्याला दुसरं कुत्रं चावलं, तर जुनी लस असली तरी जखम धुऊन पशुवैद्यकाला विचारून पुन्हा लस द्यावी लागते.

पावसाळा गार असतो म्हणून कुत्र्याला सोपा, असंही अनेक घरांत मानतात. पण उंदरांच्या लघवीतून पाण्यात येणारा लेप्टो याच दिवसांत पसरतो आणि तो माणसालाही होतो. कुत्र्याच्या वार्षिक लशीत लेप्टोचा भाग आहे का, हे निघण्याआधी पत्रकावर पाहा. पहिल्यांदाच देत असाल, तर ३-४ आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात, म्हणजे बेत महिनाभर आधी ठरला पाहिजे. साठलेल्या डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका. घरचं पाणी न्या.

भीमाशंकरच्या बाजूला खांडसवरून चढायचा बेत असेल, तर कुत्र्याला घरी ठेवा. तो परिसर १९८५ पासून अभयारण्य आहे, तिथे शेकरू राहते आणि पाळीव कुत्र्याला तिथे जागा नाही. कुत्र्यांचे आजार रानातल्या प्राण्यांनाही होऊ शकतात: कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपरचा विषाणू २०१८ मध्ये गीरच्या सिंहांत सापडला. त्या साथीच्या काळात तिथे २० हून अधिक सिंह दगावले. मांजराची गोष्ट थोडक्यात सांगतो. तिला जागा बदललेली आवडत नाही, तेव्हा तिला घरीच कुणाच्या तरी भरवशावर ठेवा. आणि कुत्र्यासाठी आणलेलं परमेथ्रिनचं गोचीडनाशक तिला चुकूनही लावू नका, ते मांजराला विषारी आहे.

गोचीड मात्र अनेकजण हलक्यात घेतात. ‘दिसली की उपटू’ म्हणतात. औषधाची गोळी किंवा मानेवरचे थेंब निघण्याआधी द्यायचे असतात, कारण चिकटलेल्या गोचिडीतून एर्लिचिया, बबेसिया यांसारखे ताप येतात. ते लगेच दिसत नाहीत. एर्लिचिया साधारण १ ते ३ आठवड्यांनी डोकं वर काढतो. कुत्रा जेवण सोडतो, सुस्त पडतो, कधी नाकातून रक्त येतं. तोवर सहल विसरलेली असते आणि मालक ‘काही वेगळं खाल्लं असेल’ म्हणत वाट पाहतो. परत आल्या रात्री बोटांच्या मधे, कानाच्या आत, शेपटीच्या मुळाशी हात फिरवून गोचीड शोधा. पुढच्या तीन आठवड्यांत त्याने वाटीकडे पाठ फिरवली, तर दवाखान्यात गेल्या गेल्या सांगा की आम्ही ठाकुरवाडीला जाऊन आलो होतो.