गतिमान कंट्रोल निर्मिती

डेस्कटॉप प्रोग्रामिंगमध्ये फॉर्मवरील टेक्स्टबॉक्स, लेबल, बटण इत्यादी कंट्रोल आराखड्याच्या वेळी न मांडता प्रोग्राम चालू असताना कोडद्वारे तयार करण्याच्या पद्धतीस गतिमान कंट्रोल निर्मिती असे म्हणतात. कंट्रोलांची संख्या वा प्रकार माहितीवरून ठरतो, तेथे ही पद्धत उपयुक्त ठरते.

गरज

तालुकानिहाय आकडे भरून घेणारा फॉर्म हे याचे सोपे उदाहरण होय. सातारा जिल्ह्यात ११, तर सांगली जिल्ह्यात १० तालुके आहेत. ही रचना कायम राहिलेली नाही. १९४९ साली दक्षिण सातारा हा जिल्हा अस्तित्वात आला व १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. पुढे पलूस व कडेगाव या तालुक्यांची भर पडली. टेक्स्टबॉक्स आधीच मांडलेले असल्यास अशा प्रत्येक बदलानंतर फॉर्म नव्याने आखावा लागतो. तालुक्यांची यादी डेटाबेसमधून घेऊन कंट्रोल तयार केल्यास केवळ यादी बदलणे पुरेसे होते.

कार्यपद्धती

निर्मितीचे चार टप्पे असतात: कंट्रोलचा ऑब्जेक्ट तयार करणे, त्याचे स्थान व आकार ठरविणे, इव्हेंट जोडणे आणि तो फॉर्ममध्ये किंवा पॅनलमध्ये समाविष्ट करणे. पंक्तीचा क्रमांक व पंक्तीची उंची यांच्या गुणाकारावरून उभे स्थान काढतात.

कंट्रोलची ओळख केवळ अनुक्रमांकावर ठेवणे धोक्याचे असते. यादीचा क्रम बदलल्यास जतचा आकडा तासगावच्या नावे साठविला जाऊ शकतो व प्रोग्राम कोणतीही चूक दाखवीत नाही. म्हणून प्रत्येक कंट्रोलच्या टॅग गुणधर्मात तालुक्याचा संकेतांक ठेवतात.

विविध भाषांतील सोय

व्हिज्युअल बेसिकच्या जुन्या आवृत्त्यांत कंट्रोल ॲरे वापरीत. त्यासाठी किमान एक कंट्रोल फॉर्मवर आधीच असावा लागे. १९९८ च्या सहाव्या आवृत्तीत कंट्रोल्स संग्रहाच्या ॲड पद्धतीने ही अट दूर झाली. १९९५ साली आलेल्या डेल्फीमध्ये ओनर व पेरेंट हे दोन स्वतंत्र संबंध असतात: ओनर कंट्रोल नष्ट करण्याची जबाबदारी घेतो, तर पेरेंट ठरविल्याशिवाय कंट्रोल पडद्यावर दिसत नाही. डॉट नेटच्या विंडोज फॉर्म्समध्ये अनेक कंट्रोलांना एकच इव्हेंट हँडलर जोडता येतो. कोणत्या कंट्रोलमुळे इव्हेंट घडला हे सेंडरवरून कळते.

मर्यादा व दक्षता

विंडोज फॉर्म्समध्ये कंट्रोल्स संग्रहाची क्लिअर पद्धत कंट्रोल फॉर्मवरून काढते, परंतु नष्ट करीत नाही. प्रत्येक तालुक्यास एक लेबल व एक टेक्स्टबॉक्स धरल्यास साताऱ्याचे २२ व सांगलीचे २० असे ४२ कंट्रोल दोन्ही जिल्हे एकेकदा निवडताच मागे राहतात. विंडोजमध्ये एका प्रोग्रामला अशा हँडलांची मूळ मर्यादा १०,००० असल्याने अडीचशेच्या आतच फेऱ्यांत नवे कंट्रोल तयार होणे थांबते. त्यामुळे भरलेले आकडे आधी साठवून प्रत्येक कंट्रोलवर डिस्पोज ही पद्धत चालविणे आवश्यक ठरते.

पंक्ती शेकड्यांनी असल्यास स्वतंत्र कंट्रोलांऐवजी ग्रिड वापरणे अधिक योग्य मानले जाते.