रक्ताचे नाते आणि प्रतिपिंडे

‘रक्ताचे नाते’, ‘नाळ जुळणे’ हे मराठी शब्दप्रयोग माता व अपत्य यांना एकरूप मानतात. नवजात बालकातील समप्रतिरक्षी बिंबाणून्यूनता या गृहीतकाला छेद देते. गर्भाच्या बिंबाणूंवर पित्याकडून आलेले, मातेत नसलेले प्रतिजन असू शकते. मातेचे शरीर त्यास परके मानून प्रतिपिंडे घडविते. संसर्गापासून बालकास राखणारी प्रतिपिंडे ज्या मार्गाने वार ओलांडतात, त्याच मार्गाने हीही जातात आणि बिंबाणू नष्ट करतात. त्यांची संख्या दर मायक्रोलिटरमागे १.५ लाखांच्या खाली येते. तीव्र प्रकारात मेंदूत रक्तस्राव संभवतो. मातेची बिंबाणूसंख्या मात्र सामान्य असते. आरएच विसंगतीत पहिले अपत्य बहुधा सुखरूप राहते. येथे पहिलेच बाधित होऊ शकते.

दिल्लीतील मयूर विहारात राहणाऱ्या मराठी कुटुंबास असे निदान हिंदी-इंग्रजीत ऐकून घरी मराठीत सांगावे लागू शकते. ‘आईचे रक्त बाळाला बाधले’ असे भाषांतर झाले, तर वर्णनाचा आरोप होतो. वस्तुतः प्रतिजन पित्याकडचे, प्रतिपिंडे मातेची. दोष कोणाचाच नाही. पुढील गर्भारपणात हा धोका पुन्हा संभवतो आणि त्यावर उपचारही करता येतात. म्हणून शब्दांची अचूकता हा येथे केवळ शैलीचा प्रश्न उरत नाही.